कॅरॅव्हान घ्यायचा विचार आहे (यूके), अगदीच नवखे आहोत, कुठून सुरुवात करू?

शंकेखोर_एमके

नमस्कार मंडळी, यूकेत राहणारे बरेच जण इथे आहेत म्हणून धागा काढतोय. आम्ही मिल्टन कीन्सला, मी, बायको आणि पोरं दोन (८ आणि ४). सुट्टी म्हटली की दरवर्षी तेच, हॉटेल नाहीतर कॉटेज, शाळा बंद झाल्या रे झाल्या की भाव बघून डोळे पांढरे होतात, आणि कॉटेज घेतलं तरी पहिला अर्धा दिवस त्यांच्या बोथट सुऱ्या आणि चिकटणारे पॅन यांच्याशी झगडण्यात जातो. गेल्या उन्हाळ्यात डॉर्सेटला डर्डल डोअरला गेलो होतो, तिथे वरच्या अंगाला कॅरॅव्हानच कॅरॅव्हान, एकीच्या दारात एक आजीबाई खुर्ची टाकून निवांत मटार सोलत बसलेल्या. बायको म्हणाली हे असं पाहिजे. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

गाडीमागे जोडून ओढायची तीच हवीये, मोटरहोम (स्वतःचं इंजिन असलेली) नको, बजेटबाहेर आहे. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेट, डिझेल. ऑनलाइन एक सहा बर्थची बघितली, २०१४ ची, ९५०० पौंड सांगतोय, फोटोत तरी चकाचक आहे. सहा बर्थ अशासाठी की मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून येतायत सहा महिन्यांसाठी आणि ऑगस्टमधे सगळे मिळून कॉर्नवॉलला जायचं मनात आहे.

आता शंका. लायसन्स माझं इथलंच आहे, २०१९ चं, त्यावर ओढता येते का, काही जण वेगळी टेस्ट लागते म्हणतात. गाडीला झेपेल का. आणि हसू नका पण संडासचं आणि स्वयंपाकाचं नक्की काय असतं, आतल्या आत फोडणी दिली तर वास जातो का कधी. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

हिचवाले_काका

आमची ही तिसरी कॅरॅव्हान आणि एकोणिसावं वर्ष, त्यामुळे जरा लांब लिहीन, सांभाळून घ्या.

लायसन्सची काळजी सोडा. पूर्वी १ जानेवारी १९९७ नंतर पास झालेल्यांना मोठी कॅरॅव्हान ओढायला जास्तीची टेस्ट द्यावी लागायची, ती १६ डिसेंबर २०२१ पासून बंद झाली. साध्या कारच्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. पण लायसन्सने परवानगी दिली म्हणजे गाडीने दिली असं नाही, आणि नव्या लोकांची गल्लत नेमकी इथेच होते.

तुमच्या गाडीचं लॉगबुक काढा, व्ही५सी. त्यात 'जी' समोर गाडीचं वजन असतं आणि 'ओ.१' समोर ब्रेकवाला ट्रेलर जास्तीत जास्त किती किलोचा ओढता येईल तो आकडा. मग कॅरॅव्हानच्या दाराजवळची प्लेट बघा, त्यावर एमटीपीएलएम लिहिलेलं असतं, म्हणजे सामानसुमान भरून तिचं कमाल वजन. नवख्या माणसाने हे एमटीपीएलएम गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं असं इथे सगळे सांगतात. तो कायदा नाहीये, सल्ला आहे, पण शहाणपणाचा सल्ला आहे. कॅरॅव्हान गाडीपेक्षा जड झाली की गाडी तिला ओढत नाही, ती गाडीला ढकलते. बैलगाडी उताराला लागली की कसं होतं ते आठवा.

आणि अजून एक, रागावू नका. तुम्ही चौघं अधिक आई-बाबा म्हणजे सहा माणसं. ऑक्टाव्हियात सीट किती? पाच. सहावा माणूस बसणार कुठे? चालत्या कॅरॅव्हानमधे बसवायचं म्हणाल तर ते बेकायदा आहे आणि जिवावरचंही आहे.

शंकेखोर_एमके

काका, दंडवत. सीटचं खरंच डोक्यात आलं नव्हतं, बायको इथे शेजारी बसून पोट धरून हसतेय. तिची छोटी यारिस आहे, आई-बाबा त्यातून येऊ शकतात म्हणा.

लॉगबुक काढलं. 'जी' १३८०, 'ओ.१' १५००. आणि त्या सहा बर्थवाल्याचं एमटीपीएलएम विचारलं तर १४९० म्हणाला. म्हणजे दहा किलोने पास झालो ना?

हिचवाले_काका

कागदावर पास. १३८० चे ८५ टक्के म्हणजे ११७३, आणि तुम्ही १४९० ओढणार म्हणजे १०८ टक्के. पहिल्याच वर्षी, मागे दोन पोरं घेऊन. माझ्या मुलाला मी चावी देणार नाही. शिवाय गाडी अधिक कॅरॅव्हान दोन्ही भरून मिळून किती वजन चालेल त्याचा वेगळा आकडा गाडीच्या प्लेटवर असतो, ग्रॉस ट्रेन वेट, त्यातही बसावं लागतं.

तुम्ही ११५०-११७० च्या आसपासची चार बर्थची, एका अ‍ॅक्सलची बघा. तेवढी पिचवर, म्हणजे कॅम्पसाइटवरच्या आपल्या जागेवर, दोन माणसं हाताने वळवू शकतात, निदान सपाटीला. आणि घेताना पेलोड विचारा. रिकामं वजन, ज्याला मिरो म्हणतात, समजा १०३० आणि कमाल ११७० तर तुमच्या हाती १४० किलो उरले. त्यात बॅटरी वीसेक किलो, कोणी मोटर मूव्हर (कॅरॅव्हान जागच्या जागी सरकवणारी मोटर) बसवून घेतला असेल तर तो तीस-पस्तीस, ऑनिंग (कॅरॅव्हानला बाहेरून जोडायचा तंबू) वीस, खुर्च्या, गाद्या, भांडी, पोरांच्या सायकली, आणि आपल्या माणसांचं ते दहा किलो तांदळाचं पोतं. कधी संपतात कळत नाही. पाण्याचा ड्रम मात्र रिकामाच न्यायचा, साइटवर नळ असतो.

लेस्टरची_सून

वजनांचं काकांनी सांगितलंच आहे, मी घरातलं सांगते कारण शंकेखोर यांनी खरा प्रश्न शेवटी लपवलाय 🙂

संडास. आत छोटा बाथरूम असतो, त्यात कमोड, आणि खाली कसेट म्हणजे एक सपाट डबा जो बाहेरच्या बाजूने छोट्या दारातून ओढून काढता येतो. आत निळं लिक्विड घालायचं, भरला की साइटवर ठराविक जागा असते तिथे नेऊन रिकामा करायचा आणि धुवायचा. हे काम कोणाचं ते लग्नाच्या करारात नसल्यामुळे आधी ठरवून घ्या. आता आपली खास अडचण, जी इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगणार नाही. तो डबा असतो अठरा-वीस लिटरचा, आणि आपण पाण्याचा मग घेऊन जातो. चार माणसं प्रत्येक वेळी मगभर पाणी आत घालणार म्हटल्यावर दोन-तीन दिवस चालणारा डबा संध्याकाळी लाल दिवा दाखवतो. आम्ही पहिल्या ट्रिपला सकाळी सहाला पावसात तो डबा घेऊन पळालोय. तेव्हापासून नियम असा की दिवसा सगळ्यांनी साइटच्या टॉयलेट ब्लॉकला जायचं आणि आतलं फक्त रात्रीचं, शिवाय छोटी पिचकारीवाली बाटली ठेवलीये, मगापेक्षा दहापट कमी पाणी लागतं. बुकिंग करताना टॉयलेट ब्लॉकजवळचं पिच मागा, सासूबाईंना रात्री दोनदा उठावं लागतं, त्यांच्यासाठी तर हे पाहिजेच. मात्र काही छोट्या साइटवर ब्लॉकच नसतो, आधी नीट वाचा.

स्वयंपाक. आत गॅस असतो, तीन लिटरचा कुकर बसतो, पाच लिटरचा ठेवला तर शेजारच्या शेगडीवर काही मावत नाही. वरची काचेची झाकणी गरम शेगडीवर कधीच बंद करू नका, तडकते, आमची गेलीये, नवी मागवायला महिना लागला. वास म्हणाल तर जातो पण सावकाश, कारण सगळं गाद्या आणि पडदे, ते पिऊन घेतात. मासे आणि तळण आम्ही बाहेरच करतो, एक सुटा बर्नर घेतलाय तो टेबलावर उघड्यावर ठेवून. ऑनिंगच्या आत मात्र कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू नेऊ नका, विझलेला वाटला तरी नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेत गेलेली आहेत. अलार्म आहे का, चालतो का ते बघून घ्या.

आणि वीज. हूकअप म्हणजे पिचवरच्या खांबातून निळ्या प्लगने येणारी लाइन, बऱ्याच ठिकाणी १६ अँपियर म्हणजे साधारण ३६०० वॉट, छोट्या साइटवर १० पण असते. घरची किटली ३००० वॉटची. ती लावली आणि मुलीने हेअर ड्रायर चालू केला की खांबावरचा ट्रिप उडतो, आणि १० वर तर नुसती किटलीच पुरे. कमी वॉटची किटली घ्या. आम्ही इंडक्शन ८०० वर ठेवून भात करतो, गॅस वाचतो.

सासूबाईंचं सांगायचं तर त्या आधी तोंड वाकडं करून आल्या होत्या, "एवढे पैसे कमावता आणि तंबूत झोपता". दुसऱ्या दिवशी ऑनिंगमधे कोथिंबीर निवडत बसल्या होत्या तर शेजारची गोरी बाई येऊन बसली. एकीला इंग्रजी येत नाही एकीला मराठी, दीड तास गप्पा. निघताना तिच्या हातात लिंबाच्या लोणच्याची बाटली.

कट्ट्यावरचा_पुणेकर

वाचतोय. एवढं डोकं चालवून, वजनं करून, डबे धुऊन याला सुट्टी म्हणायचं असेल तर आमचं ऑफिस बरं. बाकी इकडेही राज्य सरकारने २०२१ मधे कॅरॅव्हान पर्यटन धोरण आणलंय, पण इकडे मिळते ती बहुतेक ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी, मागे जोडून घाटातून न्यायची हिंमत कोणी करेल असं वाटत नाही. खंबाटकीत एक दिवस बघायला मजा येईल.

एम५_चा_वारकरी

कॉर्नवॉल. ऑगस्ट. पहिलीच ट्रिप. अहो नको.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो म्हणजे पटेल. पहिल्याच वर्षी निघालो, शनिवार, शाळा नुकत्याच बंद झालेल्या, अख्खा देश एम५ मोटरवेवर उतरलेला. निघताना घाईत पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट, तांदूळ, डाळी, सगळं मागच्या बाथरूममधे रचलं कारण तिथे जागा होती. ब्रिस्टलच्या पुढे उतार लागला, मी ताशी साठ मैलांच्या थोडा वरच होतो (चूक, कॅरॅव्हानला मोटरवेवर ६०, साध्या रस्त्याला ५०), शेजारून एक मोठा ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्याने मागची शेपूट हलायला लागली. आधी थोडी, मग जास्त, मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. बायकोने देवाचं नाव घेतलं. मला फक्त एक व्हिडिओ आठवला की ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगने सरळ करायच्या भानगडीत पडायचं नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि चाक सरळ धरून ठेवायचं. सात-आठ सेकंद असतील, मला वर्ष वाटलं. शांत झाली. पुढच्या सर्व्हिसेसला थांबून अर्धा तास नुसते चहा घेऊन बसलो, हात थरथरत होते.

कारण एकच, मागे वजन. जड सामान चाकांच्या वर, खाली जमिनीलगत ठेवायचं. आणि टोबॉलवर (गाडीच्या मागच्या टोबारचा, म्हणजे ओढायच्या दांड्याचा गोळा) पडणारं वजन, नोजवेट, कॅरॅव्हानच्या भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के हवं, म्हणजे ११७० ला ५८ ते ८२ किलो, पण गाडीच्या टोबारची मर्यादा ७५ असेल तर ७५ च्या आत. माझा तेव्हा किती होता माहितीये? घरी येऊन मोजला, ३१. मोजायला काही महागडं लागत नाही, बाथरूमचा वजनकाटा जमिनीवर ठेवा, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून त्यावर हिच (कॅरॅव्हानचा पुढचा जोड) टेकवा, कॅरॅव्हान सपाट उभी पाहिजे, जॉकी व्हील (पुढचं आधाराचं छोटं चाक) वर उचला आणि काटा वाचा. निघायच्या आधी दर वेळी करतो.

पहिली ट्रिप घरापासून पाऊण तासाच्या आत, दोन रात्री, सुट्टीचा वीकेंड सोडून. काहीतरी विसरणारच. आम्ही एकदा फ्रिजचं दार लॉक न करता निघालो, वर डोशाच्या पिठाचा डबा. उतरून दार उघडलं तर पीठ जमिनीवर, आणि उन्हात काय झकास आंबलं होतं, घरी कधी असं आंबत नाही.

शंकेखोर_एमके

ते शेपटीचं वाचून बायकोने कॉर्नवॉल स्वतःहून रद्द केलं. धन्यवाद दादा, पाच मिनिटात काम झालं.

सहा बर्थवाल्याला नाही म्हणून कळवलं. आई-बाबांचं काय करायचं तेवढं सांगा, आणि आयुष्यात एकदाही न ओढता थेट विकत घेणं बरोबर आहे का.

लेस्टरची_सून

थेट घेऊ नका. काही लोक स्वतःची कॅरॅव्हान भाड्याने देतात, साइटवर आणून, लावून, दिवे पाणी सुरू करून देतात, तुम्ही नुसतं गाडीने जायचं. आई-बाबा आल्यावर असा एक वीकेंड करा, म्हणजे त्यांना पायरी चढता येते का, रात्री झोप लागते का हे तुमचे पैसे अडकायच्या आत कळेल. आणि पुष्कळ साइटवर लाकडी पॉड असतात, आत हीटर, पक्का पलंग. आम्ही सासूबाईंसाठी शेजारीच पॉड घेतो, दिवसभर सगळे एकत्र, रात्री त्यांचा त्यांना दरवाजा. रोज बैठकीचा पलंग करा आणि सकाळी मोडा हे सत्तरीतल्या माणसाला नको वाटतं.

हिचवाले_काका

सूनबाईंना अनुमोदन. आणि ओढायला शिकायचं म्हणाल तर दोन मोठे क्लब आहेत इथे, कॅरॅव्हान अँड मोटरहोम क्लब (१९०७ पासूनचा) आणि कॅम्पिंग अँड कॅरॅव्हानिंग क्लब (१९०१), दोघांचेही नवशिक्यांसाठी कोर्स असतात, तुम्ही आणि बायको दोघंही करा. एकच ड्रायव्हर असला की त्याची पाठ दुखली त्या दिवशी सगळ्यांची सुट्टी संपते. यातल्या पहिल्या क्लबचं सभासदत्व घेतलं की शेतकऱ्यांच्या रानातल्या छोट्या जागाही मिळतात, सीएल म्हणतात त्यांना, एका वेळी फक्त पाच कॅरॅव्हान. आम्ही तर हल्ली तिथेच जातो, स्वस्त, शांत, सकाळी मेंढ्या. फक्त कुकरची शिट्टी सातच्या आधी नको, मेंढ्यांना नाही पण माणसांना त्रास होतो.

रिव्हर्सचं एक सांगतो. स्टिअरिंग तळाशी धरा, म्हणजे सहा वाजताच्या काट्याच्या जागी. मग कॅरॅव्हानची शेपूट ज्या बाजूला न्यायचीये त्या बाजूला हात न्या. थोडं थोडं. वाकडी झाली की हट्ट करू नका, पुढे जाऊन सरळ करा आणि परत या. साइटवर चार लोक चहाचे मग घेऊन बघत बसतात, बसू द्या, त्यांचंही असंच झालेलं असतं.

जोडल्यावर हिच नीट बसलाय का हे बघायला जॉकी व्हील फिरवून पुढचा भाग जरा उचलायचा, गाडीची मागची बाजू सोबत वर आली पाहिजे. मग ब्रेकअवे केबल, कॅरॅव्हान सुटलीच तर तिचा ब्रेक ओढणारी ती तार. मग दिवे, मागे गाडीचीच नंबर प्लेट, आणि कॅरॅव्हान गाडीपेक्षा रुंद असल्यामुळे बाजूचे जादा आरसे. तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजव्या लेनमधे जायचं नाही. आणि साध्या कारच्या सॅटनॅववर (रस्ता दाखवणाऱ्या यंत्रावर) विसंबू नका, यॉर्कशरमधे ए१७० वर सटन बँकचा चढ आहे, एकास चार, तिथे कॅरॅव्हानला बंदीच आहे, ते बिचाऱ्या सॅटनॅवला माहीत नसतं.

टोबार बसवला की कार इन्शुरन्सवाल्यांना कळवा. गाडीचा विमा ओढताना समोरच्याचं नुकसान बहुधा भरून देतो पण तुमच्या कॅरॅव्हानचं नाही, तिचा वेगळा घ्यावा लागतो. आणि घरापुढच्या ड्राइव्हवर उभी करणार असाल तर आधी घराची कागदपत्रं वाचा, नव्या वसाहतीत बऱ्याचदा मनाई असते. आमची स्टोरेजमधे असते, वर्षाला पाचेकशे पौंड. हॉटेलपेक्षा स्वस्त पडेल या हिशोबाने घेत असाल तर नका घेऊ, वर्षातून वीस-पंचवीस रात्री काढल्या तरच ते गणित जुळतं.

शंकेखोर_एमके

अपडेट. कोर्स दोघांचा बुक केला, मेच्या शेवटी भाड्याची साइटवरची ट्रिप पण केली बुक. आणि नॉर्दम्प्टनजवळ एक चार बर्थ मिळालीये, एमटीपीएलएम ११६०, २०१४ ची, ६८०० सांगतोय. रविवारी बघायला जातोय. मालक म्हणाला "टायर एकदम नवे आहेत, नक्षी बघा", फोटो पाठवलाय, नक्षी खरंच भरपूर आहे, टायरच्या कडेला ३२१४ असा आकडा दिसतोय. अजून काय बघू?

हिचवाले_काका

३२१४ म्हणजे २०१४ चा ३२ वा आठवडा. कॅरॅव्हानबरोबर आलेलेच टायर आहेत ते. नक्षी झिजत नाही कारण वर्षातले अकरा महिने ती उभीच असते, पण रबर आतून सुकतं. पाच वर्षांनी बदलावे, सातच्या पुढे नेऊच नये. किमतीतून टायरचे पैसे कापून घ्या, आणि सुटं चाक वाकून बघा, ते पण त्याच वयाचं असणार.

मुख्य म्हणजे ओल. पाऊस पडून गेल्यावर गेलात तर उत्तम. दार उघडल्या उघडल्या नाक वापरा, बंद ट्रंकेसारखा कुबट वास आला आणि मालकाने सुगंधी काडी लावून ठेवली असेल तर सावध. खिडक्यांचे कोपरे, पुढच्या सीटखालचे कप्पे, बाथरूमचे कोपरे अंगठ्याने दाबा, भिंत आत जायला नको. वीसेक पौंडात ओलीचा मीटर मिळतो, १५ च्या आत असेल तर ठीक, २० च्या वर असेल तर नमस्कार करून निघा. खिडकीवर कोरलेला १७ अक्षरं-आकड्यांचा नंबर आणि चासीवरचा नंबर एकच आहे ना ते जुळवा आणि क्रिसकडे (इथली कॅरॅव्हानची नोंदणी ठेवणारी योजना) चेक करून घ्या, चोरीच्या पुष्कळ फिरतात.

एम५_चा_वारकरी

आणि बाथरूमचा वजनकाटा डिकीत टाकून न्या. मालक हसेल, हसू दे.

लेस्टरची_सून

कसेटचा डबा पण उघडून बघा. हो, वास येईल.